पैनगंगेच्या अलीकडचा झेंडा : १७ सप्टेंबर, नागपूरचा १५ डिसेंबर आणि सरदार पटेल

पैनगंगाकाठचा (कोरपना) – १५ सप्टेंबर, रात्री ९.२०

परवा १७ सप्टेंबर, निजामाचं हैदराबाद भारतात आलं तो दिवस. राजुरा, कोरपना, जिवती या आमच्या तीन तालुक्यांत त्या दिवशी झेंडावंदन असतं. वर्धेच्या पुलापलीकडे बल्लारपूर-चंद्रपूरला रोजच्यासारखा बाजार चालू असतो आणि पूल ओलांडून अलीकडे आलं की शाळेतली पोरं धुतलेल्या कपड्यांत रांगेत उभी. बाहेरून बदलून आलेला एखादा साहेब हमखास विचारतो, "हे तर मराठवाड्याचं ना? इकडे काहून?"

तर साहेब, १५ ऑगस्ट १९४७ ला हा तुकडा भारतात नव्हताच. राजुरा तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. आमचं गाव पैनगंगेच्या काठी. या काठावर निजाम, त्या काठावर वणी तालुका, म्हणजे वऱ्हाड. उन्हाळ्यात पात्रात गुडघाभरही पाणी नसतं. आबाजी सांगायचे, "त्या दिवशी पलीकडचा जयजयकार आम्हाले इकडे ऐकू येत होता. पोचाले मात्र तेरा महिने लागले."

आबाजींच्या लेखी राज्य म्हणजे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. कापसाची बंडी वणीच्या बाजारात न्यायची तर नाक्यावर पैसे मोजा. येताना मीठ, कापड आणलं तर पुन्हा मोजा. वणीत हाती पडायचा कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया, इकडे चालायचा निजामाचा हाली. ढोबळ भाव सात हालीला सहा कलदार, आणि अदलाबदलीत सावकार आपलं काढून घ्यायचा ते वेगळंच. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारताशी वर्षभराचा जैसे थे करार केला. तो होतो न होतो तोच त्याच्या सरकारने वटहुकूम काढला की भारताचं चलन संस्थानात चालणार नाही. दिल्लीतल्या लोकांना तो कराराचा भंग वाटला. आमच्याकडे तो कापसाच्या पट्टीचा प्रश्न होता.

हे सगळं आठवायचं कारण वेगळं. मागच्या आठवड्यात एका शाळेत मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी पटेलांचं जे चित्र उभं केलं ते असं : सरदारांनी डोळे वटारले, ५६२ राजे चळाचळा कापले, सह्या केल्या, देश एक झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मनातल्या मनात म्हटलं, असं असतं तर आमच्या वाट्याला तेरा महिने काहून आले असते?

माझं म्हणणं थोडक्यात असं. हैदराबाद ही पटेलांच्या कामातली सगळ्यात गाजलेली गोष्ट, पण त्यांची खरी रीत पाहायची असेल तर नागपूर पाहा. १५ डिसेंबर १९४७. आदल्या दिवशी कटकला ओडिशातल्या राजांच्या सह्या घेऊन पटेल आणि त्यांच्या संस्थानी खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन नागपुरात आले. समोर छत्तीसगडचे १४ संस्थानिक : बस्तर, कांकेर, राजनांदगाव, खैरागड, छुईखदान, कवर्धा, रायगड, सक्ती, सारंगगड, जशपूर, उदयपूर, सरगुजा, कोरिया, चांगभखार. सगळी संस्थानं मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झाली आणि १ जानेवारी १९४८ पासून त्यांचा कारभार नागपूरहून सुरू झाला.

आता यातली गोम बघा. चारच महिन्यांपूर्वी, ऑगस्टात, याच राजांकडून फक्त तीन खाती मागितली होती : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी तुमचं तुमच्याजवळ. इंग्रज जाणार, सार्वभौमत्व अधांतरी, प्रत्येक राजा घाबरलेला. अशा वेळी पटेलांनी थोडकं मागितलं, म्हणून पटकन मिळालं. डिसेंबरात तेच पटेल पूर्ण राज्य मागायला बसले. कोणी म्हणेल शब्द फिरवला. फिरवलाच. पण मधल्या काळात या राजांनी आपसांत काढलेला पूर्वेकडच्या संस्थानांचा संघ चालेना, प्रजामंडळांच्या चळवळी पेटल्या आणि ओडिशातल्या नीलगिरी संस्थानात नोव्हेंबरात सरकारला कारभार हाती घ्यावा लागला. शिवाय बस्तरच्या खनिजांवर निजामाचा डोळा होता. म्हणजे त्या दिवशी नागपुरात झालेल्या सह्यांचा आमच्या नदीकाठाशीही संबंध होता.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस वाफसा पाहून तिफण धरणारा होता. चिखलात घातली नाही आणि कोरड्यातही घातली नाही.

पटेलांचा मृत्यू मुंबईला, १५ डिसेंबर १९५० ला. नागपूरच्या त्या दिवसाला बरोबर तीन वर्षं झाली होती. त्या तारखेला पुण्यतिथीची भाषणं होतात, पण त्यात नागपूर मी अजून ऐकलेलं नाही.

तुमच्या घरी, गावात या काळातलं काही सांगितलं जात असेल तर लिहा.

कापूस_वेचा (वणी) – रात्री ९.४८

भाऊ, पयले त हे सांगा की आमच्या वणीच्या बाजारात तुमच्या आबाजीले भाव बरोबर भेटे का नाही? आमचा आजा म्हणे का निजामाकडची बंडी आली का अडत्याचा चेहरा खुले. वापस नेन्याचा खर्च अन् नाक्याची कटकट डोक्शात ठेवून तो शेतकरी भेटल त्या भावात कापूस टाकून जाये.

लेख मस्त. वाफशाचं लय आवडलं.

पैनगंगाकाठचा – रात्री ९.५५

कापूसभाऊ, अगदी तेच. "वणीचा काटा अन् निजामाचा नाका, दोनी सारखेच" असं आबाजी म्हणायचे. तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, भांडण नको. :)

मुठेकाठी (पुणे) – रात्री १०.१५

माहितीपूर्ण लेख. राजुरा हैदराबाद संस्थानात होता हे खरंच माहीत नव्हतं. मराठवाड्याचे पाच जिल्हे, तेलंगणाचे आठ आणि कर्नाटकाचे तीन एवढंच शाळेत शिकलो. मग राजुरा विदर्भात कसा आला?

पैनगंगाकाठचा – रात्री १०.३२

तुमचे सोळा जिल्हे बरोबर आहेत. आमचा तालुका तेलंगणाच्या आठांतल्या आदिलाबादमध्ये होता, म्हणून मराठवाड्याच्या हिशेबात कधी आलाच नाही. १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा मराठी भाग म्हणून राजुरा मुंबई राज्यात आला, पण टाकला नांदेड जिल्ह्यात. राजुऱ्याहून नांदेड म्हणजे कुठल्या कुठे. नदीपलीकडे चांदा दिसतो आणि कचेरीच्या कामाला नांदेड! १९५९ ला चांदा जिल्ह्यात घेतलं. आबाजींच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत, त्यानंतरचे मराठीत. त्यांनी शेत बदललं नाही, गावही बदललं नाही. जिल्हे मात्र तीन झाले.

गुरुजी_गोंदिया – रात्री ११.०५

निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गोंदियाहून कलकत्त्याच्या गाडीत बसलं की डोंगरगडच्या पुढे राजनांदगाव. तिथे आमची मोठी आत्या दिलेली होती. माझे वडील म्हणत, "ताईकडे जायचं म्हणजे राजाच्या राज्यात जायचं." गाडी तीच, स्टेशन तसंच, फक्त स्टेशनाबाहेरचा अंमल वेगळा.

धागाकर्त्यांनी विलीनीकरणाचं सांगितलं, पण पैशांचा मुद्दा राहिला आणि माझ्या मते तोच कणा आहे. राज्य सोडलेल्या राजांना सरकारने दरसाल द्यायच्या तनख्याचं सूत्र याच कटक-नागपूरच्या बैठकांच्या वेळचं. संस्थानाच्या सरासरी वार्षिक महसुलाच्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १० टक्के, पाच लाखांच्या वर साडेसात टक्के, आणि कितीही झालं तरी वर्षाला १० लाखांच्या वर नाही. वर्गात फळ्यावर करायचो तसं करून पाहा : दहा लाख महसुलाचं संस्थान धरा. पहिल्या लाखाचे १५ हजार, पुढच्या चारांचे ४० हजार, उरलेल्या पाचांचे साडेसदतीस हजार. एकूण ९२,५००. म्हणजे दहा लाखांचा धनी एका सहीत लाखाच्या आत आला. एक लाख महसुलाचा लहानसा राजा १५ हजारांवर. लहानाला टक्का जास्त, मोठ्याला कमी. आयकराचे टप्पे असतात ना, त्याच्या बरोबर उलटी चढण.

सगळ्यांना एकच सूत्र असल्यामुळे "त्याला जास्त दिलं, मला कमी" ही भाऊबंदकी उठायला जागा राहिली नाही. पुढे काही बड्या संस्थानांसाठी अपवाद करावे लागले हेही खरं.

सडेतोड – रात्री ११.२०

आणि १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने तेच तनखे बंद केले. राज्यघटनेत लिहून दिलेला शब्द वीस-एकवीस वर्षांत गुंडाळला. पटेल असते तर असं झालं नसतं. पटेल पंतप्रधान असते तर काश्मीरही

[उरलेला मजकूर संपादित]

संपादक_पाटी – रात्री ११.३१

सडेतोड, काश्मीर आणि पंतप्रधानपद यांवर आपल्याकडे तीन धागे आधीच आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. चौथा इथे नको.

गुरुजी_गोंदिया – रात्री ११.४४

सडेतोडराव, तनख्याबद्दल तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. शब्द दिला होता, हे खरं. पण १९४७ साली माझ्या वडिलांसारख्या माणसाला वाटलं नव्हतं की आत्याच्या गावच्या राजाला आयुष्यभर सरकारी खजिन्यातून पैसे द्यावेत. त्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. राजाला दिलेला शब्द आणि रयतेची अपेक्षा अशी दोन्हींकडे पाहणी करावी लागते.

पैनगंगाकाठचा – १६ सप्टेंबर, सकाळी ६.४०

गुरुजी, तुमच्या फळ्याबद्दल आभार. हेच मला त्या शाळेत सांगायचं होतं आणि वेळ संपला म्हणून बसावं लागलं.

पटेल विरुद्ध नेहरू या कुस्तीत मेनन मधल्यामध्ये चिरडला जातो, हे एक माझं जुनं दुखणं. संस्थानी खातं सुरू झालं ५ जुलै १९४७ ला. सत्तांतराला फक्त सहा आठवडे होते. तीन खात्यांपुरतं सामीलनामं घ्यायची युक्ती मेननची, तिच्यामागे उभं राहणं पटेलांचं, आणि राजांशी राजाच्या तोऱ्यात बोलायला माउंटबॅटन. तिघांपैकी एक काढला तर चित्र वेगळं दिसलं असतं. पटेलांनी मेननला जे करू दिलं त्यात मला त्यांचं मोठेपण जास्त दिसतं. हाताखालच्या हुशार माणसाला काम करू देणारा साहेब आपल्याकडे तालुक्याला एक भेटला तरी नवल.

वऱ्हाडी_मिरची (वाशीम) – सकाळी ८.१०

सगळे नदीच्या पलीकडचं बोलून राहिले, मी अलीकडचं सांगतो. (माझ्या बाजूने अलीकडे. पैनगंगेचा हाच घोळ आहे.)

आमचं वऱ्हाड कागदावर निजामाचंच होतं, हे आमच्या अकोला-वाशीमकडच्या पोरांना सांगितलं तर हसतात. १८५३ च्या करारात फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे आलं. १९०२ ला कर्झनने कायमचा पट्टा करून घेतला, वर्षाला २५ लाख रुपये ठरवून. पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे मक्त्याने दिलेलं वावर. वाहणारा दुसरा, सातबाऱ्यावर नाव तिसऱ्याचं. १९३६ ला तर निजामाच्या थोरल्या पोराला वऱ्हाडचा युवराज अशी पदवी मिळाली आणि निजामाचा झेंडा इंग्रजांच्या झेंड्याच्या जोडीने लावायचा हक्कही. त्या युवराजाने आमच्या तुरी कधी पाहिल्या असतील असं वाटत नाही.

१९४७ च्या जुलैत निजामाची माणसं दिल्लीला बोलणी करायला गेली तेव्हा त्यांनी वऱ्हाड परत मागितलं. इंग्रज गेला, मक्ता संपला, आमचं वावर आम्हाला द्या, असा सरळ हिशेब. कायद्याच्या अंगाने अगदीच खोटा नव्हता तो. पण वावरात राबणाऱ्याला कोणी विचारलं? अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, या चारही जिल्ह्यांत तिकडे जायला कोण तयार होतं? पटेलांच्या खात्याने एक गोष्ट शहाणपणाने केली : वऱ्हाडाच्या प्रश्नावर निजामाशी वाद घालत बसले नाहीत. कारभार नागपूरकडे होता तो तसाच चालू ठेवला. ताबा आपल्याकडे असताना भांडण उकरायचं नसते, हे कोर्टकचेरी केलेल्या कोणत्याही वऱ्हाडी माणसाला समजते.

अवांतर : ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करारही याच धामधुमीतला. संयुक्त महाराष्ट्र झाला तर त्यात दोन उपप्रांत आणि नाही झाला तर

संपादक_पाटी – सकाळी ८.२५

वेगळ्या विदर्भाचा धागा वेगळा आहे. मिरचीभाऊ, तिकडे लिहा, मी स्वतः वाचायला येतो.

वऱ्हाडी_मिरची – सकाळी ८.२८

बसलो गप. फक्त एवढं लिहू द्या : भाषावार प्रांतांचा प्रश्न आला तेव्हा नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या या तिघांच्या समितीने १९४९ मध्ये "आत्ता नको" म्हणूनच सांगितलं होतं. त्या बाबतीत नेहरू-पटेलांचं एकमत होतं. सडेतोडसाठी खास.

उमरखेडची_लेक – सकाळी १०.५०

मी क्वचितच लिहिते, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आमचं माहेर उमरखेड. खाली पैनगंगा, पलीकडे हदगाव, म्हणजे निजामाचा नांदेड जिल्हा. १९४७-४८ मध्ये उमरखेडला हैदराबादच्या सत्याग्रहींचा तळ होता. रझाकारांच्या भीतीने रात्री-बेरात्री नदी उतरून माणसं यायची. आजीच्या घरी दोन चुली पेटायच्या, एक घरची आणि एक "पलीकडच्यांची". आजी सांगायची, एक बाई पाटा डोक्यावर घेऊन आली होती. दागिना नाही, कपडा नाही, पाटा. विचारलं तर म्हणाली, सासूचा आहे, तिथे ठेवला तर कोण वाटेल त्याच्यावर.

पण आजी आणखी एक सांगायची, आणि ते सांगताना आवाज खाली करायची. सप्टेंबरात फौजा आल्या, निजाम शरण आला, मिठाई वाटली. त्यानंतर काही दिवसांनी पुन्हा माणसं नदी उतरून आली. नदी तीच, घाबरलेली माणसं दुसरी. या वेळी मुसलमान. माझ्या पणजोबांनी त्यातल्या एका कुटुंबाला गोठ्यात आठ दिवस ठेवलं, आणि गावातल्या काही लोकांनी त्यासाठी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला होता. सगळ्यात जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता. तो अहवाल अनेक दशकं दाबून ठेवला गेला. एकीकरणाची गोष्ट सांगताना माझ्या आजीची दुसरी चूलही सांगा, एवढंच.

सडेतोड – सकाळी ११.१५

ताई, रझाकारांनी काय केलं ते आधी सांगा ना. क्रिया झाली म्हणून प्रतिक्रिया झाली.

उमरखेडची_लेक – सकाळी ११.२२

दादा, पहिल्या परिच्छेदात तेच सांगितलं आहे. पाट्याचं वाचलं नाही का?

पैनगंगाकाठचा – दुपारी १२.४०

ताई, मूळ लेखात हे यायला हवं होतं, मीच टाळलं. आमच्याही गावातली दोन घरं त्या वर्षी उठली ती परत आली नाहीत. आबाजी त्यांची नावं घ्यायचे, पण गेली कुठे हे सांगायचे नाहीत.

मला वाटतं इथे पटेलांच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही बोलता येतं. तेरा महिने त्यांनी थांबू दिलं. स्वतः ५ मार्च १९४८ ला हृदयविकाराचा झटका येऊन अंथरुणाला खिळले, माउंटबॅटनची बोलणी फिसकटत राहिली, जूनमध्ये माउंटबॅटन गेले. इकडे रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याची भाषणं आणि खेड्यापाड्यांतली लूट चालूच. सैन्य १३ सप्टेंबरला आत शिरलं, मुख्य फळी सोलापूरकडून, जयंतो नाथ चौधुरींच्या हाताखाली, आणि पाचव्या दिवशी संपलं. लढाईचा आराखडा पक्का होता, लढाईनंतरच्या आठवड्याचा नव्हता. खेड्यात कोण कोणाचा हिशेब चुकता करेल याचा विचार कमी पडला. आणि सुंदरलाल समितीचा अहवाल पटेलांना रुचला नव्हता, हेही नोंदवून ठेवायला पाहिजे.

मात्र निजामाला त्यांनी घालवला नाही, हे बघा. २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) झाला आणि १९५६ पर्यंत राहिला. ज्याच्यावर फौज पाठवली त्यालाच खुर्चीत बसवलं, पण खुर्चीखालची जमीन काढून घेतलेली. आबाजींना हे कधीच समजलं नाही. "मंग लढले कशाले?" म्हणायचे.

कापूस_वेचा – दुपारी १.०५

आबाजीचा प्रश्न वाजवी हाय.

मुठेकाठी – दुपारी १.३०

तुलना म्हणून : जुनागढमध्ये क्रम वेगळा दिसतो. नवाबाने पाकिस्तानात सामील व्हायचं ठरवलं, नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताने कारभार घेतला आणि २० फेब्रुवारी १९४८ ला सार्वमत घेतलं. पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मतं पडली. हैदराबादमध्ये सार्वमताची चर्चा झाली, घेतलं मात्र गेलं नाही.

आणि एक शंका. आलापल्लीकडे फिरायला गेलो होतो तेव्हा अहेरीच्या राजवाड्याबद्दल ऐकलं. अहेरी हे संस्थान ५६२ मध्ये धरतात का?

गुरुजी_गोंदिया – दुपारी २.१०

नाही. अहेरी ही चांदा जिल्ह्यातली जमीनदारी, खालसा म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखालच्या मुलखातली. लोक प्रेमाने राजा म्हणतात, तो मान वेगळा. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य डलहौसीने १८५० च्या दशकातच खालसा केलं, त्यामुळे आमच्या नागपूर-भंडारा-चांदा पट्ट्यात संस्थान म्हणून उरलं नव्हतं. इथे होते मालगुजार आणि जमीनदार. त्यांचा निकाल पटेलांच्या सह्यांनी लागला नाही, तो लावला मध्य प्रदेशच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने. अंमल ३१ मार्च १९५१ पासून. माझ्या वडिलांच्या गावात राजाच्या विलीनीकरणापेक्षा मालगुजाराचा तळा सरकारजमा झाला त्या दिवशी जास्त गर्दी होती. तळ्यातले मासे कोणाचे, यावर दोन वर्षं कज्जे चालले.

जोडेघाटापल्याड (जिवती) – सायंकाळी ६.५५

दिवसभर वाचत होतो. आता आमचंही थोडं.

आम्ही गोंड. माणिकगडच्या डोंगरावरचे. आमच्याकडे निजामाची गोष्ट करोडगिरीच्या नाक्याने सुरू होत नाही, जंगलाच्या चौकीने होते. लाकूड तोडलं तर दंड, गुरं चारली तर दंड, पोडू, म्हणजे जंगल तोडून फिरती शेती केली तर पीक जाळून टाकायचे. कोमराम भीम याच मुद्द्यावर उठला आणि १९४० ला जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी त्याला मारलं. आमच्या म्हाताऱ्यांना पटेल हे नाव ऐकून माहीत. भीमची गाणी पाठ.

आता उलटं ऐका. भीम गेल्यावर निजाम सरकार हादरलं. हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला त्यांनी आणलं आणि त्याच्या सांगण्यावरून आदिलाबादच्या आदिवासींना जमिनीचे पट्टे दिले. लावणी पट्टे म्हणायचे. म्हणजे ज्या राजाने मारलं त्याच्याच कागदावर आमच्या कित्येकांची जमीन टिकली. १९४८ नंतर झेंडा बदलला, जंगलाचा शिपाई बदलला नाही. टोपी बदलली असेल.

पटेलांना मी नावं ठेवत नाही. पण नागपुरात १४ राजे सह्या करत होते तेव्हा बस्तरचा राजा पोरसवदा होता, १८-१९ वर्षांचा. त्याच्या सहीने लाखो गोंड-माडियांचा मुलूख इकडून तिकडे झाला, आणि त्यांच्यापैकी एकालाही खोलीत बोलावलं नव्हतं. तोच राजा प्रवीरचंद्र पुढे १९६६ ला जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात मेला. १ जानेवारी १९४८, म्हणजे नागपूरने कारभार हाती घेतला तोच दिवस, त्याच दिवशी तिकडे आताच्या झारखंडातल्या खरसावाँला विलीनीकरणाविरुद्ध जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. राजे मानले, तनखे ठरले, हिशेब जुळला. आमच्यासाठी सूत्र कोणी मांडलं नाही, गुरुजी.

गुरुजी_गोंदिया – सायंकाळी ७.२०

याला माझ्याजवळ उत्तर नाही, दादा. फळा पुसून ठेवतो.

पैनगंगाकाठचा – रात्री ८.०५

जोडेघाटभाऊ, मी वाफसा-तिफण लिहिलं तेव्हा जमीन कोणाची हे विचारलंच नव्हतं. तुमचा मुद्दा मान्य.

तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. ५६२ तुकडे तसेच राहिले असते तर तुमच्या डोंगरावर आज एक शिपाई आहे तिथे तीन असते, एक निजामाचा, एक बस्तरचा, एक दिल्लीचा. आणि दंड तिघांनीही घेतला असता.

जोडेघाटापल्याड – रात्री ८.१२

दोनाचा अनुभव आहे भाऊ. :) आमच्या तालुक्यातली ती १४ गावं ठाऊक आहेत ना? महाराष्ट्रही आपली म्हणते, तेलंगणाही आपली म्हणते. मुकदमगुड्याला पाहुणा म्हणून जा. घरात दोन राशन कार्डं, दोन्हीकडचं मतदान, दोन्हीकडची शाळा. पटेलांचं काम तिथे अजून चालूच आहे समजा.

कापूस_वेचा – रात्री ८.२०

दोन राशन कार्डं? अन् आमचं एक बनाले दोन वर्षं लागले राजा!

उमरखेडची_लेक – रात्री ८.४१

पैनगंगाकाठचे भाऊ, एक विचारायचं राहिलं. तो हाली रुपया तुमच्या घरी आहे का? आमच्याकडे आजीच्या पेटीत एक होता, चारमिनार छापलेला. भावंडांच्या वाटणीत कुठे गेला कळलं नाही.

पैनगंगाकाठचा – रात्री ९.०२

आहे ताई. एक रुपया आणि काही सुटे. पोलीस ॲक्शननंतरही हाली लगेच बंद झाला नव्हता, काही वर्षं दोन्ही नाणी चालत होती. करोडगिरीचंही तसंच, केंद्राशी आर्थिक एकीकरण १ एप्रिल १९५० ला झालं तरी हैदराबादला आणखी काही वर्षं जकात घेऊ दिली होती. म्हणून आबाजी झेंड्याची तारीख सांगायचे, नाक्याची सांगायचे नाहीत. एक दिवस बंडी घेऊन गेले तर नाक्यावर कोणी नव्हतंच. सवयीने थांबले. बैलही थांबले. मग जरा वेळ वाट पाहून पुढे निघाले.

उद्या सकाळी झेंडा आहे. राजुऱ्याच्या बाजूने कोणी येणार असेल तर सांगा, नाण्याची पुरचुंडी घेऊन येतो.

कापूस_वेचा – रात्री ९.१०

मी येतो. पैनगंगेले पाणी हाय सध्या, मोठ्या पुलावरून फेरा मारा लागन. पोहे ठेवजा.